उत्तम सोमकुवरची मुनादी

उत्तम सोमकुवरचा आवाज मोठा होता. जामटेकच्या नगरपालिकेत तो चपराशी. साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून त्यानं कोणाचं नाव पुकारलं की समोरच्या पानठेल्यावरचा माणूसही वळून बघायचा. बुद्धविहारात वंदना तोच सांगायचा. माइक बिघडला तर कोणी दुरुस्तीला धावत नसे. उत्तम आहे ना, म्हणायचे.

जामटेक हा सौसर आणि पांढुर्ण्याच्या मधला लहानसा कसबा. संत्र्याच्या बागा, कापसाच्या गाड्या, आठवडी बाजार आणि गावाला लागूनच एक उघडी टेकडी. टेकडीच्या अलीकडे बौद्धांची वस्ती, तिथंच उत्तमचं दोन खोल्यांचं घर. बायको इंदू संत्र्याच्या तोडीवर जायची. एकुलती मुलगी मोहगावला दिली होती. उत्तमला दारूचा नाद नव्हता, भांडणाचा तर नव्हताच. खाकी शर्ट मात्र रोज इस्त्रीचा लागायचा. तांब्यात निखारे घालून तो स्वतःच इस्त्री करायचा.

त्याचे वडील श्रावण गावाचे कोतवाल होते. सारा भरायची तारीख सांगायची असो की मेलेलं ढोर ओढायचं असो, हाक श्रावणलाच. गळ्यात डफडं अडकवून ते गल्लोगल्ली मुनादी, म्हणजे दवंडी, करत फिरायचे आणि त्याबद्दल वर्षाकाठी दारोदारचं धान्य मागून आणायचे. छप्पन साली ते नागपूरला दीक्षेला गेले आणि पांढऱ्या कपड्यांत परत आले. आल्यावर त्यांनी भिंतीवरचं डफडं काढलं, मालगुजाराच्या ओसरीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "हे तुमचं. आमच्या घरचं कोणी आता वाजवणार नाही." त्या वर्षी त्यांना कोणी कामाला बोलावलं नाही. विहिरीवर गेलेल्या घागरी रिकाम्या परत आल्या. उत्तम तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. कण्या खाऊन काढलेला तो हिवाळा तो कोणाला सांगत बसत नसे, पण विसरलाही नव्हता.

पुढं तो सातवीपर्यंत शिकला आणि कमेटीत लागला. नगरपालिकेला जुनी माणसं कमेटीच म्हणत. तिथंही मुनादी होतीच. नळ बंद राहणार असला, टोचणारी नर्स येणार असली की दादाजी नावाचा एक म्हातारा डफडं घेऊन निघायचा. त्याला त्याचे पैसे मिळायचे. उत्तमचा त्याच्याशी काही वाद नव्हता. कधी दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. पण ते डफडं कपाटाच्या बाजूच्या खुंटीवर टांगलेलं असे, आणि खोली झाडताना उत्तम तेवढ्याच कोपऱ्यात झाडू लांबूनच फिरवायचा.

गावालगतची ती टेकडी मुकुंदसेठनं घेतली होती. संत्र्याचा मोठा व्यापारी, कमेटीतही वजन असलेला. आधी काही वर्षं तिथून मुरूम निघाला. रस्त्याच्या कामावर ट्रकच्या ट्रक गेले. खणता खणता टेकडीचा पायथा भिंतीसारखा उभा कापला गेला. मुरूम संपत आल्यावर खाली जी सपाट जागा राहिली, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी छान होतं, गाव मात्र तिला खदान कॉलनी म्हणायचं. जागा बाजारपेठेजवळ, भाव निम्मा. शाळामास्तर, लाइनमन, कंपाउंडर असे लोक तुटून पडले.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा तो काळ. जमिनीच्या विकासाचे नवे नियम आलेले होते आणि कॉलनी पाडायची तर पाहणी व्हायला लागली होती. छिंदवाड्याहून एक तरुण इंजिनिअर आला. टेप धरायला उत्तम बरोबर होता. इंजिनिअर कापलेल्या दरडीपाशी बराच वेळ उभा राहिला. छत्रीचं टोक खुपसून त्यानं माती काढली, बोटांनी चोळली आणि उत्तमला दाखवली.

"ही पिवळी बघ, साबणासारखी. वरून पाणी मुरतं ते इथं येऊन थांबतं. एकदा का ही बुळबुळीत झाली, की वरचा मुरूम, दगड, सगळं एकदम खाली."

"मंग साहेब, लोकाईनं राहायचं कसं?"

"राहायचं नाही. पहिली ओळ रिकामी सोडायची."

त्यानं लिहून दिलं. उभा कडा पायऱ्या पायऱ्यांनी मागं कापायचा. पायथ्याला दगडी भिंत घालायची, तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवायची. माथ्यावर नाली खणून पाणी बाजूला काढायचं. आणि कड्याला लागून असलेल्या ओळीत घर बांधायचं नाही. हे होईपर्यंत कोणाला परवानगी देऊ नये. मुकुंदसेठनं ऐकलं, इंजिनिअरला संत्र्याची पेटी दिली, ती त्यानं घेतली नाही. "होऊन जाईल साहेब," सेठ म्हणाले.

भिंत झाली, पण रस्त्यावरून दिसेल तेवढीच. माथ्यावरची नाली झालीच नाही. पहिल्या ओळीचे प्लॉटही विकले गेले, कारण ते सगळ्यात स्वस्त होते आणि मागच्या बाजूला कोणी शेजारी नव्हतं. आधी एक घर झालं, मग दुसरं. कमेटीत हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू, अरविंद यांच्या टेबलावर इंजिनिअरचा कागद होता, सगळ्यांना माहीत होता. पण घरं उभी राहिल्यावर कोण पाडणार? पुढं त्याच ओळीला नळही मिळाले.

नळाची बिलं वाटायला उत्तम त्या ओळीत जायचा. शेवटचं घर श्रीकांतचं. तो सौसरला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता, सकाळच्या बसनं जायचा आणि दिवस मावळता परत यायचा. घरात त्याची बायको मीना आणि लकव्यानं अंग गेलेली आई. मीना पंचविशीची, बोरगावकडची, बोलकी. पहिल्यांदा बिल घेऊन गेला तेव्हा उत्तमनं पाणी मागितलं आणि सवयीनं ओंजळ पुढं केली. तिनं स्टीलचा पेला त्याच्या हातात दिला. त्यानं पिऊन तो धुवून ठेवायला नळ शोधला तर ती म्हणाली, "राहू द्या ना भाऊ, मी घासीन." एवढंच. पण उत्तमनं घरी येऊन ते इंदूला सांगितलं होतं.

शहाऐंशीच्या ऑगस्टात झड लागली. आठवडाभर सूर्य दिसला नाही. जाम नदी पात्र सोडून वाहत होती, पांढुर्ण्याची बस बंद पडली होती. टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या एका माणसानं सकाळीच कमेटीत येऊन सांगितलं की माथ्यावर भेग पडली आहे, त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. साहेब छिंदवाड्याला बैठकीला अडकले होते. बडे बाबूंनी फोन लावला. बराच वेळ खरखर ऐकू आली, मग हुकूम आला. पहिली ओळ ताबडतोब रिकामी करा, लोकांना शाळेत हलवा, मुनादी करा.

दादाजी गावात नव्हता. पाय मोडून घेऊन पोरीकडे पांढुर्ण्याला पडला होता. बडे बाबूंनी खुंटीकडे बघितलं, मग उत्तमकडे.

"घे ते अन् निघ."

उत्तम जागचा हलला नाही. "मी तोंडानं सांगतो बाबूजी. घरोघर जातो. माहा आवाज तुमाले माहीत आहे."

"हुकूम मुनादीचा आहे. डफडं वाजल्याशिवाय मुनादी होत नाही."

"दुसऱ्या कोणाले सांगा."

"दुसरा कोण आहे? अन् तुले काय शिकवा लागते? तुमच्या घराण्याचंच तर काम आहे हे."

खोलीत आणखी दोन बाबू होते. एकाच्या ओठांवर हसू आलं. उत्तम बोलला तो एरवीच्या आवाजातच, पण बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. "होतं. आता नाई."

तो छत्री न घेताच निघाला.

खदान कॉलनीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं आधी हाका मारल्या. पाऊस कौलांवर, पत्र्यांवर असा वाजत होता की त्याचा मोठा आवाजही दोन घरांपलीकडे जात नव्हता. मग तो दार न् दार वाजवत गेला. लाइनमनच्या बायकोनं लगेच पोरं उचलली आणि पोत्याची खोळ करून निघाली. दुसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला, पाणी उघडलं की पाहू. शेवटून दुसरं घर उर्मिलाबाईंचं. त्यांचे यजमान शाळामास्तर. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तू एकटाच आला? साहेब कोठी आहे? ओव्हरसियर कोठी आहे?"

"साहेब छिंदवाड्याले आहे बाई. हुकूम आला आहे. निघा तुमी."

"अशी कशी निघू? घरात धान्य आहे, टीव्ही आहे. कोणी जिम्मेदार माणूस पाठव म्हणा." आणि त्यांनी दार लोटलं.

मीनाच्या घरी दार उघडंच होतं. मागच्या भिंतीतून पाणी पाझरून जमिनीवर पसरलं होतं आणि ती फडक्यानं टिपत होती. पाणी पिवळं होतं. उत्तमनं वाकून तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"मीनाबाई, आता काई टिपू नका. चाला. टेकडी फाटली आहे वरून."

ती उठून उभी राहिली. तिनं बाजेवरच्या सासूकडे बघितलं. म्हातारी जडशीळ होती, एक बाजू पार गेलेली, जरा हलवलं तरी ओरडायची.

"आईले कसं नेऊ भाऊ? माह्यानं तर कूस बी नाई बदलवल्या जात."

दोघांनी मिळून प्रयत्न केला. म्हातारीचं तोंड वेडंवाकडं झालं, ती घशातून ओरडली आणि चांगल्या हातानं तिनं बाजेचा गात, कडेचं लाकूड, घट्ट धरला. बाजेसकट न्यायचं तर चार माणसं हवी होती. शेजारी बायका आणि म्हातारे, पुरुष सगळे कामावर अडकलेले. कमेटीची ट्रॅक्टर-ट्रॉली होती, आवारातच उभी होती, ड्रायव्हरही होता.

"तुमी तरी बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहा," उत्तम म्हणाला. "मी ट्रॉली घेऊन येतो अन् माणसं आणतो."

"आईले एकटं टाकून?" ती म्हणाली. मग थोडं हसल्यासारखं करून, "तुमी लवकर येजा भाऊ."

उत्तम धावत कमेटीत आला. आवारात चिखल, त्यात तो एकदा पडलाही. बडे बाबू चहा पीत होते.

"बाबूजी, ट्रॉली पाह्यजे. शेवटच्या घरात लकव्याची बाई आहे. भिंतीतून पिवळं पाणी येऊन राहिलं."

"मुनादी झाली?"

"सांगतलं घरोघर. निम्मे लोक निघून नाई राहिले. तुमी चाला संगं, तुमी दिसले तर निघतीन."

"मी इथं फोनवर बसलो आहे. मुनादी झाली की नाही, वरून विचारतील. काय सांगू? चपराशाला लाज वाटते म्हणून?" बाबूंनी बशी खाली ठेवली. ते चिडलेले होते आणि घाबरलेलेही होते, हे उत्तमला दिसत होतं. "ड्रायव्हरला मी सांगतो. पण आधी ते घे. मुनादी करत जा, मागून ट्रॉली येते. नाहीतर ट्रॉली हलणार नाही."

उत्तमनं त्यांच्याकडे बघितलं. बाहेर ट्रॉलीच्या पत्र्यावर पाणी वाजत होतं. वाद घालायला वेळ नव्हता. तो कपाटापाशी गेला आणि त्यानं खुंटीवरून डफडं काढलं. ओलीनं कातडं सैल पडलं होतं, दोरी कुबट वास मारत होती. त्यानं दोरी गळ्यात घातली. टिपरू, वाजवायची काडी, शोधायला हात कपाटावर फिरवला, ते मागं पडलं होतं. तो वाकला, आणि त्याच वेळी आवाज आला.

ट्रकमधून मुरूम ओतताना येतो तसा आवाज. पण ट्रक रिकामा व्हायला किती वेळ लागतो? हा थांबेचना.

उत्तम पोचला तेव्हा ओळीच्या टोकाला घर नव्हतं. पिवळ्या-लाल चिखलाचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता, त्यात बाभळीचं एक अख्खं झाड उभ्याचं उभं खाली आलं होतं. उर्मिलाबाईंच्या घराची मागची भिंत आत बसली होती. त्या पुढच्या ओट्यावर होत्या म्हणून वाचल्या, आणि तिथंच बसून मोठ्यानं रडत होत्या. पहिल्यांदा फावडी घेऊन धावून आले ते बौद्ध वस्तीतले लोक. त्यांच्यात इंदूही होती. उत्तम हातांनीच उकरत होता. कोणीतरी त्याच्या गळ्यातलं डफडं काढून बाजूला फेकलं, ते कुठं गेलं पुन्हा कोणाला सापडलं नाही.

दिवस मावळायच्या आत दोघीही सापडल्या. मीना दाराशी नव्हती. सासूच्या बाजेपाशीच होती.

चौकशी झाली. वरून आलेला अधिकारी भला वाटत होता, सगळ्यांना बसायला सांगत होता. भिंत का अर्धी राहिली, हे त्यानं मुकुंदसेठला विचारलं. सेठ म्हणाले, पुढचं काम दिवाळीनंतर होणार होतं. पहिल्या ओळीला परवानगी कोणी दिली, हेही त्यानं विचारलं. परवानगी अशी कोणी दिलीच नव्हती, नळ तेवढे दिले होते. शेवटी प्रश्न आला मुनादीचा. बडे बाबू म्हणाले, हुकूम वेळेवर दिला, चपराशानं मुनादी करायला नकार दिला. ते खोटं नव्हतं. उर्मिलाबाईंनी साक्ष दिली की उत्तम दारावर आला होता, पण एकटा आला होता. "डफडं वाजलं असतं तर आमी निघालो असतो," त्या म्हणाल्या. कदाचित त्यांना खरंच तसं वाटत होतं.

उत्तमला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी सांगतलं होतं साहेब. घरोघर." दुसरं काही त्यानं सांगितलं नाही. ट्रॉलीचंही नाही. का नाही, म्हणून इंदू त्या दिवशी त्याच्यावर चिडली.

"बाबूनं ट्रॉली अडवली हे काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय? मी सकाळीच घेतलं असतं गळ्यात, तर ट्रॉली सकाळीच गेली असती."

"म्हणजे चूक तुह्यी? बापानं मोडलेलं काम तू काहून करावं?"

उत्तमनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "त्यानं नुसतं म्हटलं असतं ना इंदू, का उत्तम, आज कोणी नाई, लोकाईच्या जिवाचा सवाल आहे, वाजव म्हणून. मी वाजवलं असतं. कदाचित. पण त्यानं घराणं काढलं."

त्याला निलंबित केलं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी श्रीकांत त्याच्या घरी आला. डोक्याचे केस काढलेले, दाढी वाढलेली. बौद्ध वस्तीत तो पहिल्यांदाच आला असावा. इंदूनं बाज टाकली, पण तो उंबऱ्यावरच बसला.

"ती काय म्हणाली होती?" त्यानं विचारलं. "तुमी शेवटचे भेटले तिले."

उत्तमनं सगळं सांगितलं. पिवळं पाणी, फडकं, बाजेचा गात. "लवकर येजा म्हणाल्या."

"मंग?"

मग उत्तमनं ट्रॉलीचंही सांगितलं, आणि बडे बाबूंचं, आणि खुंटीवरून डफडं काढल्याचं. चौकशीत न सांगितलेलं सगळं. श्रीकांत खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमी घेतलं होतं."

"हो."

"पण तवापर्यंत..." त्यानं उठून चपला घातल्या. इंदूनं चहा घेऊन जा म्हटलं तर त्यानं हात जोडले. तो रागावून गेला की कसा, हे उत्तमला कळलं नाही. पुढं तो जामटेक सोडून बोरगावला सासुरवाडीच्या लोकांपाशी राहायला गेला असं ऐकलं.

गावात दोन प्रकारचं बोलणं सुरू झालं होतं. बाजारपेठेत म्हणत, एका माणसाच्या ऐटीपायी दोन जीव गेले. आणि बौद्ध वस्तीत, मोहगावात, पांढुर्ण्याच्या तरुण मुलांत म्हणत, नोकरी गेली तरी उत्तमभाऊनं डफड्याला हात लावला नाही. पांढुर्ण्याची मुलं एक दिवस विहारात सत्काराला आली. हार, शाल, मोठा कार्यक्रम. भाषणं झाली. एकानं श्रावणबाबांची गोष्ट सांगितली तेव्हा म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. उत्तम खुर्चीवर आखडून बसला होता. हार घालायला उठवला तेव्हा त्यानं तो हातानं थांबवला.

"मी हात लावला होता," तो म्हणाला.

माइक दूर होता, पण उत्तमला माइक कधी लागलाच नव्हता.

"सकाळी नाई म्हटलं. दुपारी घेतलं. गळ्यात घातलं होतं. वाजवायच्या आधी टेकडी पडली. बापाचं बी राहिलं नाई अन् त्या बाईचं बी झालं नाई. हा हार मले नको."

मग मागून एक म्हातारा, श्रावणच्या बरोबरीचा, म्हणाला, "बस खाली पोरा." रागानं नाही, समजुतीनं म्हणाला. पण उत्तम बसला नाही, बाहेर पडला. पांढुर्ण्याची मुलं शाल तशीच घडी करून घेऊन गेली. त्या दिवसापासून त्यानं विहारात वंदना सांगितली नाही. बोलायचाही हळू, इतका हळू की इंदूला "काय म्हटलं?" असं पुन्हा विचारावं लागे.

वर्षभरानं त्याला कामावर घेतलं, पण कमेटीत नाही. टेकडीच्या दुसऱ्या टोकाला उंचावर पाण्याची टाकी होती, तिथं चौकीदार म्हणून पाठवलं. सकाळ-संध्याकाळ चावी फिरवायची, बाकी वेळ बसायचं. तिथून खालची कॉलनी सगळी दिसायची. घसरलेल्या दरडीचा लाल व्रण, त्याच्याखाली साफ केलेली जागा. मुकुंदसेठनं आता भिंत आणखी थोडी लांबवली होती. माथ्यावरची नाली अजून नव्हती.

अठ्ठ्याऐंशीत त्या रिकाम्या जागेवर पुन्हा पाया खणला गेला. वीज मंडळात नव्यानं बदली होऊन आलेला एक माणूस, बायको आणि लहान मूल. उत्तम काही दिवस वरून बघत राहिला. मग एका सकाळी चावी फिरवून झाल्यावर खाली उतरला आणि त्या माणसाला म्हणाला, "इथं बांधू नका साहेब. ही ओळ रिकामी सोडायची होती."

तो माणूस विटांवर पाणी मारत होता. त्यानं पाइप खाली ठेवला नाही. "तुम्ही कोण?"

"टाकीवर असतो. सोमकुवर."

"अच्छा, ते मुनादीवाले तुम्हीच का?" तो म्हणाला. "मग तेव्हाच सांगायचं होतं ना." तो काही वाईट माणूस नव्हता. गावात ऐकलं तेच बोलला.

उत्तम वळला. तो थोडं अंतर गेला तेव्हा त्या माणसाची बायको मुलाला कडेवर घेऊन मागून आली. "त्या दोघींचं घर नक्की कुठं होतं हो?" तिनं हळूच विचारलं. उत्तमनं बोटानं दाखवलं. तिनं तिथं बघितलं. तिथं तिच्या स्वयंपाकघराच्या विटा रचल्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती परत गेली. घर झालं. श्रावणात त्यांनी वास्तुशांती केली आणि कमेटीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं.

त्या वर्षी टेकडी पडली नाही. पुढच्याही वर्षी नाही. पण पाऊस लागला की उत्तम टाकीवरून खाली जेवायला येत नसे. इंदू डबा घेऊन वर जायची. टाकीच्या ओट्यावर पोतं पांघरून तो बसलेला असायचा आणि खाली बघत असायचा. एकोणनव्वदच्या भादव्यात एकदा ती त्याच्याजवळ बसली. भाकर त्यानं हातात घेतली होती, खाल्ली नव्हती. खाली त्या नव्या घराच्या ओट्यावर दोरीला लहान कपडे वाळत घातले होते, पावसामुळं ते वाळतच नव्हते.

"आता नाई पडत टेकडी," इंदू म्हणाली.

"हाव."

"मंग घरी चाल. अंग तापलं आहे तुह्यं."

उत्तमनं एक घास तोडला. "पाणी थांबू दे," तो म्हणाला.

ती आणखी थोडा वेळ बसली. मग संत्र्याच्या बागेत जायचं होतं म्हणून डबा तिथंच ठेवून खाली उतरली. पाऊस त्या दिवशी थांबला नाही.